लक्ष, मेंदू आणि सौम्य विद्युतप्रवाह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाचं अभ्यासात लक्ष टिकत नाही, कामावर दहा मिनिटांत मन दुसरीकडे जातं, वडिलांना पक्षाघातानंतर ताटाची डावी बाजू जणू दिसतच नाही. अशा वेगवेगळ्या अडचणी असलेली माणसं हल्ली एकच प्रश्न विचारतात : डोक्याला हलका करंट दिला की लक्ष सुधारतं, हे खरं आहे का? त्यावर मला सतत द्यावी लागणारी उत्तरं इथे लिहिली आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगते. हे संशोधन मला फार मोलाचं वाटतं. मात्र आज त्याच्या भरवशावर एखाद्या मुलाची तपासणी किंवा उपचार लांबणीवर टाकणं मला अजिबात मान्य नाही.

डोक्याला करंट देतात म्हणजे नेमकं काय करतात?

मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजात किंवा जेलमध्ये बसवलेले दोन किंवा अधिक इलेक्ट्रोड डोक्याच्या कातडीवर लावतात आणि बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्रातून त्यांच्यामधून अगदी कमी प्रवाह सोडतात. शस्त्रक्रिया नाही, सुई नाही, भूल नाही. प्रवाह साधारण १ ते २ मिलिअँपिअर असतो आणि एक सत्र २० ते ३० मिनिटांचं. स्पंज पुष्कळदा ५ बाय ७ सेंटिमीटरचे असतात.

याचे दोन मुख्य प्रकार आहेत. प्रवाह एकाच दिशेने सलग वाहत असेल तर त्याला टीडीसीएस म्हणतात. प्रवाहाची दिशा ठरावीक लयीत, म्हणजे समजा सेकंदाला दहा वेळा, पुढे-मागे होत असेल तर तो टीएसीएस. लक्षाच्या बाबतीत दोन्हींचा विचार वेगवेगळा करावा लागतो, म्हणून ही दोन नावं ध्यानात असू द्या.

म्हणजे ही शॉक ट्रीटमेंटच ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की घरचे लोक नुसतं नाव ऐकूनच माघार घेतात. शॉक ट्रीटमेंट म्हणजे मनोविकारांमध्ये दिली जाणारी ईसीटी. ती भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊन करतात. तिच्यात प्रवाह साधारण ८०० मिलिअँपिअरच्या आसपास असतो आणि मेंदूत नियंत्रित झटका, म्हणजे फिट, आणणं हाच तिचा उद्देश असतो. भूल न देता ईसीटी करायला भारतात २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. गंभीर नैराश्यात ईसीटीने पुष्कळांचे प्राण वाचतात, त्यामुळे तिलाही वाईट ठरवायचं कारण नाही. टीडीसीएसचा प्रवाह तिच्या काहीशे पटींनी कमी असतो. माणूस जागा असतो, बोलत असतो, संगणकावर एखादं काम करत असतो. कुठलाही झटका आणायचा नसतो.

एवढासा प्रवाह कवटी ओलांडून आत पोचतो तरी का?

थोडा पोचतो. न्यूयॉर्क विद्यापीठातले ग्यॉर्जी बुझाकी आणि हंगेरीतल्या सेगेडच्या संशोधकांनी देहदान केलेल्या मृतदेहांवर मोजमापं घेऊन २०१८ साली दाखवलं की कातडीवर दिलेल्या प्रवाहापैकी साधारण ७५ टक्के प्रवाह कातडी, मऊ ऊती आणि कवटी यांतच विरतो. अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवलेले होते अशा जिवंत रुग्णांमध्येही मोजणी झाली आहे. २ मिलिअँपिअर दिले तरी मेंदूच्या पृष्ठभागावरचं विद्युतक्षेत्र दर मीटरला १ व्होल्टच्या खालीच राहतं.

एवढ्याने शांत बसलेली चेतापेशी संदेश पाठवायला लागत नाही. तिच्या पडद्यावरचा विद्युतदाब मिलिव्होल्टच्या काही दशांशांनी इकडेतिकडे होतो, बस. पण जी पेशी आधीच संदेश पाठवण्याच्या उंबरठ्यावर आहे, तिला तेवढा फरक पुरतो. तोच फरक लाखो पेशींमध्ये एकाच वेळी झाला तर त्यांच्या सामूहिक लयीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून मेंदू त्या वेळी काय करत आहे यावर बरंच काही ठरतं. हा मुद्दा पुढे पुन्हा पुन्हा येईल.

हे कधीपासून चालू आहे?

पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर विजेचा मासा कपाळाला लावायला सांगत असे. लुइजी गॅल्व्हानीचा भाचा जोव्हानी अल्दिनी याने १८०१च्या सुमारास इटलीत लुइजी लांझारिनी नावाच्या विषण्ण शेतकऱ्यावर बॅटरीचा प्रवाह वापरून पाहिला. आजच्या पद्धतीची खरी सुरुवात मात्र जर्मनीतल्या ग्योटिंगनची. मिखाएल नित्शे आणि वाल्टर पाउलुस यांनी २००० साली दाखवलं की मेंदूतल्या हालचालींच्या केंद्रावर काही मिनिटं धन ध्रुव ठेवला की तो भाग अधिक उत्तेजनक्षम होतो, ऋण ध्रुव ठेवला की कमी, आणि हा बदल प्रवाह बंद केल्यावरही काही काळ टिकतो. त्यानंतर जगभर प्रयोगांची रीघच लागली.

लक्ष देताना मेंदूत काय घडतं?

थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

जर्मनीतल्या येना इथले मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींची पहिली नोंद (तिलाच ईईजी म्हणतात) केली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. ज्यांच्या डोक्यावरून नोंदी घेतल्या त्यांत त्यांचा स्वतःचा मुलगा क्लाउसही होता. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला साधारण दहा आवर्तनांची ठळक लय दिसते आणि डोळे उघडले की ती दबते, असं त्यांना आढळलं. हीच अल्फा लय, ८ ते १२ हर्ट्‌झची. पुढे बराच काळ लोक तिला मेंदूच्या विश्रांतीची खूण समजत राहिले.

गेल्या पंचवीसेक वर्षांत हे चित्र बदललं. नजर समोरच्या बिंदूवर स्थिर ठेवून फक्त मनाने डावीकडे लक्ष द्यायला सांगितलं, की डावीकडचं दृश्य हाताळणाऱ्या मेंदूच्या उजव्या अर्धगोलात अल्फा कमी होते. डाव्या अर्धगोलात, म्हणजे जिकडचं दृश्य आत्ता नको आहे तिकडे, ती त्या मानाने जास्त राहते. नको असलेली माहिती थोपवण्याचं काम अल्फा करत असावी, असा याचा अर्थ लावला जातो. मला या शोधाचं फार आकर्षण आहे, कारण लक्ष म्हणजे निवडणं आणि नाकारणं, आणि त्यातलं नाकारणं इथे डोक्याच्या कातडीवरून मोजता येतं.

कपाळामागचा भाग, विशेषतः उजवीकडचा, आणि डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचा पॅरायटल भाग हे दोघं मिळून ही निवड चालवतात. प्रवाहाचे इलेक्ट्रोड बहुधा याच दोन जागी लावले जातात.

मग बाहेरून तीच लय देऊन लक्ष वळवता येतं का?

प्रयोगशाळेत, थोड्या प्रमाणात, काही वेळा. टीएसीएसमागची कल्पना अशी की झोपाळ्याला त्याच्याच लयीत हलके झोके दिले तर तो उंच जातो, तसं मेंदूच्या चालू लयीला तिच्याच गतीने साथ दिली तर ती बळकट होईल. जर्मन संशोधकांनी २०१०च्या सुमारास दाखवलं की प्रत्येकाच्या स्वतःच्या अल्फाच्या गतीने प्रवाह दिल्यावर नंतरच्या ईईजीत अल्फा वाढलेली दिसते.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट इथे तेरेसा शूमन आणि सहकाऱ्यांनी एक नेमका प्रयोग केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. डाव्या पॅरायटल भागावर १० हर्ट्‌झचा प्रवाह दिला तेव्हा माणसांचं लक्ष किंचित डावीकडे झुकलं. हिशोब जुळतो : डाव्या अर्धगोलात अल्फा वाढली, त्याच्या वाट्याची उजवी बाजू दबली, डावीकडे कल आला. पण हा परिणाम स्वतःहून लक्ष वळवण्याच्या कामात दिसला, सगळ्याच कामांत नाही. शिवाय 'झुकलं' म्हणजे प्रतिक्रियेच्या वेळेत मिलिसेकंदांचा फरक. अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या दोन तासांशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही.

आणखी दोन अडचणी आहेत. प्रवाह चालू असताना ईईजी घेतला तर बाहेरचा प्रवाह मेंदूच्या सूक्ष्म लहरींना पार झाकून टाकतो. त्यामुळे बहुतेक अभ्यास आधी आणि नंतर काय दिसलं यावर विसंबतात. दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. बेल्जियममधल्या लव्हेन इथल्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं की हालचालींच्या केंद्रावर टीएसीएसचे जे परिणाम दिसतात त्यांतला मोठा भाग कातडीतल्या मज्जातंतूंच्या उत्तेजनातून येतो. डोक्याला लयीत मुंग्या येत असतील आणि डोळ्यांसमोर प्रकाश लुकलुकत असेल (डोळ्याजवळच्या इलेक्ट्रोडमुळे दृष्टिपटल उत्तेजित होऊन तो दिसतो), तर बदल प्रवाहाने झाला की या जाणिवांनी, हे वेगळं करणं सोपं नाही.

सलग जागरूक राहण्याच्या कामात उपयोग होतो का?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारवर बसणारे जवान पाळीच्या पहिल्या अर्ध्या तासातच खुणा चुकवायला लागत. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ साली घड्याळाच्या काट्याची चाचणी करून ही घसरण मोजली. अमेरिकी हवाई दलाच्या ओहायोतल्या प्रयोगशाळेने हाच प्रश्न टीडीसीएस घेऊन पुन्हा हाताळला. हवाई वाहतुकीवर नजर ठेवण्याच्या नकली कामात कपाळाच्या भागावर १ मिलिअँपिअर, दहा मिनिटं प्रवाह दिला, तेव्हा ही घसरण कमी झाल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात तीस तास जागं ठेवलेल्या लोकांमध्ये टीडीसीएसचा परिणाम कॅफीनच्या गमपेक्षा जास्त वेळ टिकला.

हे निकाल खरे आहेत, पण लहान गटांवरचे आहेत. शिवाय ते लक्ष ढळणारच अशी खात्री असलेल्या कंटाळवाण्या कामातले आणि थकलेल्या मेंदूतले आहेत. रात्रभर झोपलेल्या माणसाला तेवढाच फायदा होईल असं त्यातून निघत नाही. आणि झोप कमी पडत असेल तर आधी झोप पुरी करावी, हे मी प्रत्येकाला सांगते.

एडीएचडी (लहानपणापासून लक्ष न टिकणं आणि चंचलपणा यांचा विकार) असेल तर याने फायदा होतो का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि इथेच आशा आणि निराशा दोन्ही शेजारीशेजारी आहेत.

आशेची बाजू ब्राझीलमधली. पोर्तो अलेग्रेच्या गटाने २०२२ साली एडीएचडी असलेल्या ६४ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे लोक त्या काळात उत्तेजक औषधं घेत नव्हते. त्यांना घरीच, रोज अर्धा तास, २ मिलिअँपिअर, चार आठवडे असे उपचार दिले. धन ध्रुव कपाळाच्या उजव्या भागावर, ऋण ध्रुव डाव्यावर. निम्म्यांना खरा प्रवाह, निम्म्यांना दिखाऊ, म्हणजे नुसता दिल्याचा भास होणारा. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. खऱ्या प्रवाहाच्या गटात लक्ष न लागण्याच्या तक्रारी स्पष्टपणे कमी झाल्या. अभ्यासाची मांडणी चांगली आहे. पण असा निकाल दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी, मोठ्या गटावर पुन्हा यायला हवा.

निराशेची बाजू लंडनची. किंग्ज कॉलेजमधल्या कात्या रुबिया यांच्या गटाने १० ते १८ वर्षांच्या ५० मुलग्यांना उजव्या पुढच्या भागावर प्रवाह आणि सोबत संगणकावरचा सराव अशी १५ सत्रं दिली. २०२१ साली निकाल आला : लक्षणांत किंवा चाचण्यांत फायदा नाही. उलट नंतरच्या नोंदींत दिखाऊ गटाची स्थिती थोडी बरी होती.

प्रौढांत फायदा दिसला आणि मुलांत नाही, असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. जागा वेगळी, प्रवाहाचं प्रमाण वेगळं, दिवस वेगळे, सगळंच वेगळं होतं. पण वाढत्या मेंदूवर काय करायचं हे ठरवताना लंडनचा अभ्यास मला जास्त वजनाचा वाटतो.

एडीएचडीवर औषधं आहेत आणि ती दशकानुदशकं तपासलेली आहेत. पालकांना दिलं जाणारं वर्तन-प्रशिक्षण आहे, शाळेत करता येण्यासारखे बदल आहेत. औषधांची भीती वाटते म्हणून करंटकडे वळणारे पालक मला नेहमी भेटतात. त्यांची भीती मी समजू शकते. तरीही त्यांनी आधी बालमनोविकारतज्ज्ञाशी त्या भीतीबद्दलच मोकळेपणाने बोलावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

रात्री कपाळावर पट्टी लावायच्या यंत्राला अमेरिकेत परवानगी आहे ना?

आहे. ते मेंदूऐवजी कपाळातल्या ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूला उत्तेजन देतं. मूल झोपलेलं असताना पट्टी रात्रभर कपाळावर राहते. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाने एप्रिल २०१९मध्ये ७ ते १२ वर्षांच्या, औषध चालू नसलेल्या एडीएचडीच्या मुलांसाठी त्याला वाट मोकळी केली. एडीएचडीसाठी औषधाशिवाय असं पहिलंच उपकरण म्हणून त्याची बातमी झाली. परवानगीला आधार होता लॉस एंजेलिसमधल्या ६२ मुलांवरच्या चार आठवड्यांच्या चाचणीचा.

पुढे रुबिया यांच्याच गटाने ब्रिटनमध्ये १५० मुलांवर, अधिक काटेकोर दिखाऊ गट ठेवून चाचणी केली. खऱ्या आणि दिखाऊ उपचारात लक्षणांचा फरक आढळला नाही. नियामकाची परवानगी आणि परिणामाची खात्री या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे या प्रकरणातून जितकं स्पष्ट होतं तितकं मी कधी समजावून सांगू शकले नसते.

अभ्यासांचे निकाल इतके उलटसुलट का येतात?

कारणं बरीच आहेत. कवटीची जाडी, केसांखालची कातडी, मेंदूच्या वळ्यांची ठेवण प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे दोघांना एकच प्रवाह दिला तरी आत पोचणारं प्रमाण सारखं नसतं. हालचालींच्या केंद्रावरच्या अभ्यासांत साधारण निम्म्याच लोकांमध्ये अपेक्षित बदल दिसतो. बऱ्याच अभ्यासांत वीस-पंचवीस जणच असतात, आणि इतक्या कमी लोकांत योगायोगाने आलेला फरकही खरा वाटू शकतो.

दिखाऊ उपचाराचीही अडचण आहे. त्यात प्रवाह सुरुवातीला अर्धा मिनिट चालू करून मग गुपचूप बंद करतात, म्हणजे मुंग्या सगळ्यांनाच येतात. तरीही प्रवाह जास्त असेल तर काहींना फरक ओळखू येतो. 'मला खरा करंट मिळतोय' अशी खात्री झालेला माणूस चाचणी जास्त नेटाने सोडवतो. ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने २०१५ साली एकाच सत्राचे शेकडो निकाल एकत्र तपासले, तेव्हा निरोगी माणसांच्या बुद्धीच्या कामांवर भरवशाचा परिणाम त्यांना सापडला नाही. त्यांच्या पद्धतीवर टीका झाली, वाद अजूनही चालू आहे. पण त्या वादाने या क्षेत्राला शिस्त लागली, हे चांगलंच झालं.

मेंदूची त्या क्षणाची अवस्थाही महत्त्वाची. ओल्डेनबुर्ग इथे असं दिसलं की डोळे उघडे असताना, म्हणजे अल्फा मुळात कमी असताना, टीएसीएसने ती वाढते. डोळे मिटून ती आधीच भरपूर असेल तर वाढत नाही.

प्रवाह किंवा वेळ वाढवला तर फायदा वाढतो का?

इथे कृपया नीट वाचा, कारण घरी प्रयोग करणारे नेमके याच समजुतीने चालतात. ग्योटिंगनमध्येच दिसलं की १ मिलिअँपिअरचा ऋण ध्रुव हालचालींच्या केंद्राला शांत करतो, पण २ मिलिअँपिअर वीस मिनिटं दिला तर तोच ऋण ध्रुव उत्तेजन वाढवतो. दिशाच उलटते. धन ध्रुवाचा प्रवाह १३ मिनिटांऐवजी सलग २६ मिनिटं दिला तेव्हा वाढीऐवजी घट आली. चेतापेशी मर्यादेपलीकडच्या उत्तेजनाला स्वतःहून आवर घालतात, असं यामागचं कारण मानलं जातं.

एकीकडे लक्ष वाढवताना दुसरीकडे काही गमावतो का?

शक्य आहे. ऑक्सफर्डमधल्या तेरेसा इउकुलानो आणि रॉय कोहेन कादोश यांनी २०१३ साली लोकांना नव्या चिन्हांच्या संख्या शिकवल्या. पॅरायटल भागावर प्रवाह दिल्यावर शिकणं जलद झालं, पण शिकलेलं सहज, आपोआप वापरण्यात ते मागे पडले. कपाळाच्या भागावर दिल्यावर बरोबर उलटं झालं. लक्ष म्हणजे मुळातच निवड असल्यामुळे मला हे निकाल पटतात. उजव्या बाजूचं दडपून डावीकडचं ठळक केलं, तर उजवीकडचं काहीतरी निसटणारच.

दुष्परिणाम काय असतात?

नेहमीच्या मर्यादेत वापरलं तर मुंग्या, खाज, इलेक्ट्रोडखाली लाली, क्वचित डोकेदुखी किंवा थकवा. २०१६ साली मॅरम बिक्सन आणि सहकाऱ्यांनी एक हजाराहून अधिक लोकांच्या ३३,२०० सत्रांची माहिती तपासली. ४० मिनिटांपर्यंत आणि ४ मिलिअँपिअरपर्यंतच्या वापरात एकही गंभीर दुखापत नोंदलेली नव्हती. हा दिलासा खरा आहे. पण ती सत्रं प्रशिक्षित माणसांनी, तपासलेल्या यंत्रांवर घेतली होती.

कातडी भाजण्याच्या घटना घडतात. स्पंज वाळला, तो कातडीवर नीट टेकला नाही, किंवा खरचटलेल्या जागी लावला, की प्रवाह एखाद्या छोट्या ठिपक्यातून जातो आणि तिथे फोड येतो.

कोणी यापासून लांब राहावं?

डोक्यात धातूची पट्टी, क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्यांनी, पेसमेकर असलेल्यांनी, फिट येत असलेल्यांनी, डोक्याच्या कातडीवर जखम किंवा त्वचारोग असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय हे करू नये. बायपोलर आजार असलेल्या काही रुग्णांमध्ये उपचारादरम्यान उन्मादाची अवस्था सुरू झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे तो इतिहास लपवू नये.

चालू औषधंही सांगा. फिटवरचं कार्बामाझेपिन टीडीसीएसचा धन ध्रुवाचा परिणाम पुसून टाकतं आणि नैराश्यावरची काही औषधं तो वाढवतात, असं प्रयोगांत दिसलं आहे.

ऑनलाइन मिळणारा हेडबँड घेतला तर? नऊ व्होल्टच्या बॅटरीवर घरीच यंत्र बनवतात, त्याचं काय?

बॅटरीवरचं घरगुती यंत्र अजिबात नको. नऊ व्होल्टची बॅटरी निरुपद्रवी दिसते, पण प्रवाह स्थिर ठेवणारी व्यवस्था नसेल तर कातडी ओली होताच तो एकदम वाढतो. २०१६ साली या क्षेत्रातल्या ३९ संशोधकांनी घरी प्रयोग करणाऱ्यांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. प्रवाह दोन इलेक्ट्रोडच्या खालीच राहत नाही, मधल्या भागांतूनही जातो. बदल अपेक्षेपेक्षा जास्त काळ टिकू शकतात, इलेक्ट्रोडची जागा थोडी सरकली तरी परिणाम बदलतो, असं त्यांनी त्यात समजावलं होतं.

तयार हेडबँडबद्दल माझं मत थोडं मवाळ आहे, पण विकत घ्या असं मी सांगणार नाही. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात बाजारात मिळणाऱ्या अशाच एका हेडसेटची चाचणी झाली, तेव्हा त्याने स्मरणाच्या कामात सुधारणा होण्याऐवजी घट झाली. बरेच हेडबँड तर प्रवाह देतच नाहीत, फक्त ईईजीच्या लहरी मोजतात. विकत घ्यायचा झालाच तर निदान यातला कोणता प्रकार आहे ते पाहा.

मुलगी नीटची तयारी करते आहे. लक्ष वाढावं म्हणून काही सत्रं दिली तर चालतील का?

नाही. लातूरपासून पुण्यापर्यंत क्लासला बसलेल्या मुलांच्या आईवडिलांना मी हेच उत्तर देते. निरोगी किशोरवयीन मुलांच्या परीक्षेतल्या गुणांवर याचा फायदा होतो असा भरवशाचा पुरावा नाही. मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. त्या काळात महिनोन्‌महिने प्रवाह दिल्याने पुढे काय होतं याचा दीर्घकाळ पाठपुरावा झालेला नाही.

मुलीचं लक्ष लहानपणापासून, घरी आणि शाळेतही, सतत भरकटत असेल तर एडीएचडीची तपासणी करून घ्या. निदानासाठी काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून आणि किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. मुलींमध्ये दंगा कमी आणि हरवल्यासारखं बसणं जास्त, त्यामुळे ते लक्षातच येत नाही आणि तिला आळशी ठरवलं जातं. आणि त्रास या वर्षीच सुरू झाला असेल तर तिची झोप, ताण, उदासपणा याकडे पाहा. ती काही सांगू पाहत असेल तर ऐकून घ्या.

पक्षाघातानंतर एका बाजूचं भानच गेलं आहे. तिथे उपयोग आहे का?

उजव्या मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांना डावीकडची माणसं, दार, ताटातली भाजी जाणवतच नाही. डोळे चांगले असतात, लक्ष त्या बाजूला जात नाही. मास्ट्रिख्टच्या गटाने अशाच रुग्णांच्या शाबूत डाव्या पॅरायटल भागावर अल्फाच्या गतीचा प्रवाह दिला, तेव्हा प्रवाह चालू असताना काही चाचण्यांत कामगिरी सुधारली. गट लहान होता. तरी लक्षाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त आशा इथे वाटते, कारण बिघाड कुठे आहे हे माहीत आहे, कोणती लय कुठे वाढवायची याचं कारण स्पष्ट आहे आणि रुग्णाची गरज मोठी आहे. सध्या मात्र नियमित फिजिओथेरपी आणि डावीकडे मुद्दाम पाहण्याचा सराव हाच मुख्य आधार आहे.

भारतात हे कुठे मिळतं?

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत टीडीसीएसवर बरंच काम झालं आहे, विशेषतः स्किझोफ्रेनियात भासाचे आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांवर. मोठ्या शहरांतली काही रुग्णालयं आणि खासगी दवाखाने नैराश्यासाठी ही सेवा देतात. नैराश्यासाठी पुरावा लक्षाच्या तुलनेत बराच पुढे गेलेला आहे आणि युरोपात त्यासाठी घरी वापरायची उपकरणं अधिकृतपणे मिळतात. भारतात १ एप्रिल २०२०पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने औषधांच्या व्याख्येत येतात, त्यामुळे यंत्राची नोंदणी विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एखाद्या केंद्रात 'एकाग्रता वाढवण्याचं पॅकेज' सुचवलं गेलं तर आधी विचारा : निदान कोणी केलं, प्रवाह किती, इलेक्ट्रोड कुठे, किती सत्रं, सुधारणा कशाने मोजणार आणि ती दिसली नाही तर कधी थांबणार. शेवटच्या दोन प्रश्नांना नेमकं उत्तर मिळालं नाही, तर पैसे भरू नका.

मला संशोधनात भाग घ्यायचा आहे. कसा घ्यावा?

ही इच्छा मला मनापासून आवडते, कारण या क्षेत्राला आज सर्वांत जास्त गरज मोठ्या, नीट आखलेल्या अभ्यासांची आहे. भारतातल्या वैद्यकीय चाचण्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सीटीआरआय या नोंदवहीत नोंदवाव्या लागतात. ती ऑनलाइन आहे आणि कोणालाही पाहता येते. तिथे आजाराचं किंवा उपचाराचं नाव टाकून शोधा. चाचणीचा नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीची मान्यता तपासा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, न कळलेलं विचारा. उपचाराचे पैसे मागितले तर नकार द्या. आपण दिखाऊ गटात जाऊ शकतो हे आधीच स्वीकारा, कारण त्या गटाशिवाय खरं उत्तर मिळत नाही. आणि मधेच थांबावंसं वाटलं तर कारण न देता थांबता येतं. त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारांना कोणी हात लावू शकत नाही.